सासूबाई रात्री सिनेमा पाहून रडतात. मी चार्जर लपवला, चुकलं का?

'मावशी, नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यात, तलावाकाठच्या एका गावात दिलेली सून आहे. माहेर वर्ध्याकडचं. लग्नाला तीन वर्षं झाली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपास गेले. दोन वर्षं लकव्याने खाटेवर होते, शेवटी शेवटी तर कोणालाच ओळखत नव्हते. सासूबाईंनी त्यांचं सगळं केलं. मयताच्या दिवशी त्या रडल्या नाहीत, तेरवीलाही नाही. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे.

आता धान घरात आलं, कामं कमी झाली. मामाजींचा मोबाइल सासूबाईंकडेच असतो. रात्री जेवणं झाली की सपरीत खाटेवर पडून, डोक्यावरून पांघरूण घेऊन त्या प्रेमाचे जुने सिनेमे पाहतात. श्रीदेवीचा "सदमा" तर किती वेळा पाहिला असेल! त्यातला शेवटचा रेल्वे स्टेशनचा भाग परत परत लावतात आणि हुंदके देऊन रडतात. मी एकदा जवळ गेले तर म्हणाल्या, "झोप वं बाई, तू काहून जागी?" शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि तलावावर बायकांत बोलणं झालं. यांना फार लाज वाटते. म्हणतात, "या वयात आईला प्रेमाचे सिनेमे काय सुचून राहिले? बाबासाठी डोळ्यातून टिपूस नाही काढलं आणि त्या हिरोसाठी रडते." यांनी सांगितलं म्हणून मी चार्जर तांदळाच्या कोठीमागे लपवून ठेवला. दोन दिवस झाले, मोबाइल बंद पडला आहे. सासूबाईंनी मला काही विचारलं नाही. फक्त जेवताना मान वर करत नाहीत. माझं चुकलं का? त्यांना डॉक्टरकडे न्यावं का? की भजनाबिजनात मन रमवावं?'

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही तुला अगंतुगं करते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माझंही लक्ष सिनेमा, मोबाइल, चार्जर यांच्याकडेच गेलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर अडकले. ते तू सहज, आजारपण किती मोठं होतं हे सांगण्यापुरतं लिहिलं आहेस: 'शेवटी शेवटी तर कोणालाच ओळखत नव्हते.' आणि चार ओळींनंतर लिहितेस की सासूबाई 'सदमा'चा रेल्वे स्टेशनचा भाग परत परत लावतात.

बाई, तू हा सिनेमा पूर्ण पाहिला आहेस का? मला वाटतं, तू तो पांघरुणाच्या बाहेरून फक्त ऐकला आहेस. म्हणून आधी त्यात काय आहे ते सांगते.

'सदमा' 1983 सालचा. बालू महेंद्र यांनी तो आदल्या वर्षी तमिळमध्ये केला होता, मग हिंदीत केला. दोन्हींत कमल हासन आणि श्रीदेवीच. एका तरुण मुलीला मोटारीच्या अपघातात डोक्याला मार बसतो, मागचं सगळं विसरायला होतं आणि ती लहान मुलीसारखी वागू लागते. दुर्दैवाने ती वाईट वस्तीत जाऊन पडते. सोमू नावाचा शाळामास्तर तिला तिथून सोडवून आपल्या घरी, उटीला घेऊन जातो. तिला भरवतो, गोष्टी सांगतो, रुसली की माकडासारख्या उड्या मारून, डोक्यावर भांडं घेऊन हसवतो. पुढे एका वैद्याच्या उपचाराने ती बरी होते. मागची आठवण परत येते, पण मधले सगळे दिवस पुसले जातात आणि त्यांच्यासोबत सोमूही पुसला जातो. आईवडील तिला न्यायला येतात. हा धडपडत, लागलेल्या पायाने, चिखलात पडत स्टेशनवर पोचतो. ती गाडीत खिडकीशी बसलेली. तो हाका मारतो, ती बघतसुद्धा नाही. मग भर पावसात, फलाटावर, तो तेच माकडाचे चाळे करून दाखवू लागतो. डोक्यावर भांडं घेतो, उड्या मारतो. ज्यावर ती रोज खदखदून हसायची, तेच सगळं. तिला वाटतं, कोणी वेडा आहे. गाडी सुटते.

आता त्या फलाटावर तुझ्या सासूबाईंना उभं कर.

दोन वर्षं त्यांनी त्या माणसाला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री उठून उठून पाहिलं. आणि एका सकाळी त्याने त्यांच्याकडे अनोळखी नजरेने बघितलं असेल. 'तुम्ही कोण हो?' असं विचारलंही असेल. त्यानंतर त्यांनी काय काय करून पाहिलं असेल, हे तू त्याच घरात होतीस म्हणून तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अशा रुग्णाच्या उशाशी बसलेलं प्रत्येक माणूस ते करतं. 'मी कोण? सांगा बरं, मी कोण?' असं दिवसातून वीस वेळा विचारतं. लग्नाचा फोटो दाखवतं. त्याच्या आवडीची भाजी पुढे करतं, त्याच्या बैलाचं नाव घेतं, चिडवायची जुनी खूण काढतं. घरातली बाकीची माणसं ते ऐकत असतात, कधी कधी हसतातही, कारण दुसरं काय करणार! पण विचारणाऱ्याचा जीव त्या उत्तरात अडकलेला असतो. सोमूच्या डोक्यावरचं भांडं आणि 'सांगा बरं, मी कोण?' यात मला तरी काही फरक दिसत नाही.

माझा हा अंदाज आहे. तो शंभर टक्के बरोबर आहे, असा माझा दावा नाही. पण तो थोडासाही बरोबर असेल, तर त्या कुठल्या हिरोसाठी रडत नाहीत. तुझ्या नवऱ्याला जे टिपूस दिसलं नाही, तेच आता रोज रात्री पांघरुणाखाली वाहतं आहे.

मयताच्या दिवशी त्या का रडल्या नाहीत, हेही जरा समजून घे. दीर्घ आजारानंतर माणूस गेलं की आपल्याकडे लोक येऊन काय बोलतात? 'सुटला बिचारा.' 'सोनं झालं त्याचं.' आणि करणाऱ्या बाईला वर म्हणतात, 'तुमचीही सुटका झाली.' हे लोक चांगल्या मनाने बोलतात, मला कळतं. पण ज्या बाईला चार जणींनी सुटका झाल्याचं सांगितलं, तिने मग गळा काढायचा कोणत्या तोंडाने? त्यात चहा किती कप, पाहुणे किती मुक्कामाला, तेरवीला किती पानं, भांडी कोणाकडून आणायची. हे सगळं बहुतेक त्याच बघत होत्या. खंबीर म्हणून कौतुक झालं. एकदा खंबीर ठरलेल्या बाईला पुन्हा रडायची सवड गाव देत नाही.

आणि खरं सांगू? त्यांचा माणूस मागच्या पोळ्याला गेलाच नव्हता. तो त्याच्या आधी, ज्या दिवशी त्यांना ओळखेनासा झाला त्या दिवशी गेला. त्या दिवशी कोणी भेटायला आलं नाही. कोणी जवळ बसून पाठीवर हात ठेवला नाही. उलट त्या दिवशीही भात शिजवायचा होता, त्यालाच भरवायचा होता, आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. ते रडणं तेव्हापासून तसंच राहिलेलं आहे.

तू तलावाकाठी राहतेस म्हणून एक गोष्ट सांगते. तुमच्या जिल्ह्यात आमगावजवळ पदमपूर आहे. भवभूती हा संस्कृत नाटककार तिथला, असं अभ्यासक मानतात. आठव्या शतकातला माणूस. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या तिसऱ्या अंकात राम पंचवटीला येतो आणि सीतेच्या आठवणीने बेशुद्ध पडतो. सीता तिथेच, त्याच्या शेजारी असते, पण वरदानामुळे कोणाला दिसत नाही. ती त्याला हात लावते. तो शुद्धीवर येतो, हा स्पर्श तिचाच म्हणून ओळखतो, डोळे उघडून बघतो तर कोणी नाही. जवळ असून न दिसणं, समोर असून न ओळखणं. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी तुमच्याच मातीतल्या माणसाने हे लिहून ठेवलं आहे. त्याच अंकात एक श्लोक आहे, त्याचा अर्थ असा: तलाव काठोकाठ भरला की जादा पाण्याला वाट काढून देणं हाच त्याच्यावरचा उपाय, आणि शोकाने मन ढवळून निघालं की ते रडण्यानेच तगून राहतं.

हा श्लोक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, हे सुचायला तलावाच्या मुलखातच जन्मावं लागतं. तुमच्याकडचे मालगुजारी तलाव तर तू रोज बघतेस. पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खाली बांध्यांमध्ये उतरतं. सांडवा वाहताना दिसला म्हणून गावात कोणी घाबरत नाही. पण कोणी माती टाकून तो बुजवला, तर सगळं गाव कुदळ घेऊन धावेल, कारण मग पाळच फुटते. सासूबाईंचा तो मोबाइल म्हणजे त्यांचा सांडवा आहे, गं. तू चार्जर लपवलास, म्हणजे काय केलंस, ते आता मी वेगळं सांगत नाही. तुला मी दोष देत नाही. नवऱ्याचा शब्द आणि गावाची बोलणी यांच्यामध्ये तू सापडलीस. आणि चुकलं का, असं विचारणारं पत्र तू लिहिलंस, यातच तुझं मन मला कळलं.

सिनेमाच का, असंही तुला वाटत असेल. फोटो पाहून रडावं, देवापुढे बसून रडावं, हे लोकांना पटतं, मग सिनेमा कशाला? त्याचं कारण मला असं दिसतं. दुखणाईताच्या खाटेजवळ बाईच्या हातात काहीच नसतं. आज ओळखेल का, उद्या बोलेल का, रात्र निघेल का, काही सांगता येत नाही. सिनेमाचं तसं नाही. गाडी कधी सुटणार ते ठाऊक असतं. वाटेल तिथे थांबवता येतं, मागे नेता येतं, सोसवलं नाही तर बंद करता येतं. दुःख पहिल्यांदाच त्यांच्या अंगठ्याखाली आलं आहे. म्हणून त्या तोच एक भाग लावत असतील.

तू वर्ध्याकडची, म्हणून झाडीपट्टीचं, म्हणजे या पूर्व विदर्भातलं नाटक कदाचित अजून पूर्ण रात्र बसून पाहिलं नसशील. माझं आजोळ वडशाकडचं. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत गावोगावी नाटकं. रात्री पडदा वर गेला की पहाटेपर्यंत चालायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आजीच्या घोंगडीत घुसून बसले होते. रंगमंचावर नायिकेची ताटातूट झाली, तिने गाणं सुरू केलं आणि आजी पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं, तर आमची आख्खी रांगच रडत होती. पलीकडे बसलेल्या एका अनोळखी बाईने आपला पाण्याचा गडू आजीपुढे सरकवला आणि परत रंगमंचाकडे बघत रडू लागली. तिने विचारलं नाही, बाई, काय झालं. पहाटे बंडीत बसून घरी येताना आजीचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. तो चेहरा मला अजून आठवतो.

त्या मंडपात आजीला कोणी म्हटलं नाही, या वयात प्रेमाचं नाटक पाहून रडतेस? तुमच्या गावात आज नाटक लागलं आणि तुझ्या सासूबाई मंडपात बसून रडल्या, तर तलावावर त्याची चर्चा होईल का? नाही होणार. त्याच बायका शेजारी बसून रडत असतील. मग तेच रडणं पांघरुणाखाली आलं की लाजेचं का व्हावं? मोबाइलने एकच वाईट केलं. मंडपातलं रडणं त्याने एकटीचं करून टाकलं. तुला काही करायचं असेल तर तेवढं एकटेपण काढून टाक, रडणं राहू दे.

आता तुझ्या नवऱ्याबद्दल. त्याला मी वाईट म्हणणार नाही. त्याच्या वयाच्या पोरांनी 2016 साली 'सैराट' पाहिला असेलच, आणि शेवटी आवाज बंद होतो, ते लेकरू रक्ताची पावलं उमटवत दाराबाहेर येतं, तेव्हा भले भले मान खाली घालून थिएटरातून बाहेर पडले होते. तोही पडला असेल. तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही की आर्ची-परश्या तुझे कोण लागतात! विशीतल्या पोराला प्रेमासाठी रडायची मुभा आहे, आणि ज्या बाईने तीसेक वर्षं एका माणसाशी संसार केला, त्याची शेवटची घाण काढली, तिला नाही, हे मला मुळीच मान्य नाही. प्रेमावर बोलायचा हक्क कोणाला असेल तर तिलाच आहे.

पण त्याची लाज कशाची आहे, हेही बघ. आई ही कोणाची तरी बायको होती, तिला नवऱ्याची ओढ होती, हे मुलांना कबूल करणं जड जातं. आणि दुसरं असं, त्याच्या बापाने त्यालाही ओळखलं नव्हतं ना? आईने निदान सिनेमा शोधला. त्याने काय शोधलं? तो चिडतो आहे, त्याच्या मागे हे असू शकेल. त्याच्याशी वाद घालू नकोस. एखाद्या रात्री, दोघंच असताना, एवढंच विचार: 'बाबांनी तुम्हाला शेवटचं नावाने कधी हाक मारली होती?' मग गप्प बस. तो उठून बाहेर गेला तरी मागे जाऊ नकोस. तो परत येईल. आल्यावर त्याला 'सदमा'ची गोष्ट सांग, मी तुला सांगितली तशी.

सासूबाईंशी मात्र दुःखावर बोलायला जाऊ नकोस. 'आई, तुम्हाला बाबांची आठवण येते का?' असं विचारलंस तर त्या म्हणतील, 'नाही वं,' आणि कूस बदलतील. सिनेमावर बोल. रात्री खाटेच्या कडेला जाऊन बस आणि म्हण, 'आई, मलाही दाखवा ना, तो स्टेशनवर असं काहून करून राहिला?' त्या आधी बुजतील. मोबाइल उशीखाली सारतील. दुसऱ्या दिवशी परत बस. घरचं कोणी झोपायचं राहिलं नसेल अशी वेळ बघ. त्या एकदा गोष्ट सांगू लागल्या की मध्ये बोलू नकोस. सोमूचं सांगता सांगता त्या कुठे वळतील ते तुला कळेल. वळल्या नाहीत तरी चालेल. सोबत बसून त्या मुलीची गाडी जाताना पाहिलीत, एवढंही पुरे आहे. रडल्या तर पाण्याचा तांब्या जवळ ठेव.

दुसरे सिनेमे दाखवावेत का? हळूहळू दाखव, पण उगाच विनोदी काही लावून त्यांचं मन वळवायला जाऊ नकोस. त्यांना ते कळेल आणि त्या आणखी गप्प होतील. आपल्याकडचे बहुतेक प्रेमाचे सिनेमे ताटातुटीवर किंवा मरणावर येऊन थांबतात. नायक गेला, पडदा पडला. मागे राहिलेल्याने दुसऱ्या दिवशी उठून चूल कशी पेटवायची, हे कोणी दाखवत नाही. 'मसान' दाखवतो. नीरज घेवान यांचा 2015 सालचा पहिला सिनेमा. काशीच्या घाटावर प्रेतं जाळणाऱ्या डोम घराण्यातला दीपक, त्याचं शालू नावाच्या मुलीवर प्रेम. ती बसच्या अपघातात जाते आणि तिचं प्रेत त्याच्याच घाटावर, त्याच्याच हाताखाली येतं. बोटातल्या अंगठीवरून त्याला कळतं. पुढे एका रात्री नदीकाठी मित्रांमध्ये बसून तो फुटतो, हे दुःख संपत का नाही म्हणून रडतो. मित्र त्याला शहाणपण शिकवत नाहीत, नुसते सोबत असतात. आणि सिनेमा तिथे संपत नाही. तो पुढे जातो, अभ्यास पुरा करून नोकरीला लागतो, शेवटी संगमावर नावेत बसतो. तिला विसरून नव्हे. हा सिनेमा तू आधी एकटीने बघ. सुरुवातीचा हॉटेलच्या खोलीतला प्रसंग सासू-सुनेने एकत्र बघताना अवघडल्यासारखं होईल, तेवढा वगळून पुढे जा. आणि त्यांची तयारी आहे असं वाटेल तेव्हाच लाव. आज-उद्या नको.

एक काळजी मात्र घ्यायची. दुःखाच्या सिनेमाचा भार माणसाच्या अंगावर येऊ शकतो, हे खरं आहे. दिलीप कुमार एकामागून एक मरणाच्या आणि विरहाच्या भूमिका करत गेले आणि त्या भूमिका त्यांच्या मनात इतक्या शिरल्या की त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं लागलं. हलक्याफुलक्या भूमिका करा, असा सल्ला मिळाला. 'देवदास' 1955 सालचा, आणि त्याच वर्षी त्यांचा 'आझाद' आला, त्यात ते हसत-खेळत वावरताना दिसले. म्हणून झाडीपट्टीत बघ, रडवणाऱ्या नाटकातही विनोदी नट असतोच. 2023 साली पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे विनोदी भूमिकांसाठीच ओळखले जातात. एकाच रात्रीत, एकाच मंडपात रडायचं आणि पोट धरून हसायचं. तेव्हा सासूबाईंचा सिनेमा संपला की लगेच दिवा घालवून झोपायला जाऊ नकोस. थोडा वेळ बस, दुसरं काही बोल. उद्या कोणती भाजी, रब्बीत जवस किती पेरायचा, तुझ्या लहानपणची एखादी फजिती, काहीही.

डॉक्टरचं विचारलंस. रात्री रडतात आणि दिवसा उठून कामाला लागतात, खातात, शेजारणीशी बोलतात, तर मला घाई दिसत नाही. पण जेवण तुटलं, आठवडेच्या आठवडे झोप लागेना, अंघोळ-वेणी सुटली, आपल्या वस्तू वाटून देऊ लागल्या, किंवा 'मलाही बोलावून घे' असं तोंडात येऊ लागलं, तर एक दिवसही थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचे डॉक्टर असतात, तिथे न्या. रात्रीबेरात्री गरज पडली तर 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर तू आजच मोबाइलमध्ये टाकून ठेव. तुला स्वतःला बोलावंसं वाटलं तरी लाव, कारण दोन वर्षांच्या आजारपणात घरची सून कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन दिवसांपासून त्या जेवताना मान वर करत नाहीत, असं तू लिहिलंस. मला या पत्रातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली. सिनेमा पाहून रडत होत्या तेव्हा त्या बऱ्या होत्या. आता त्यांना कळलं आहे की घरातल्यांनी आपलं रडणं ऐकलं आणि त्याची लाज वाटून घेतली.

भजनाला जायचं असेल तर जाऊ दे, त्यांनी स्वतःहून म्हटलं तर. सिनेमाच्या बदल्यात म्हणून पाठवू नकोस. तलावावरच्या बायकांना उत्तर द्यायची गरज नाही. फार झालं तर 'आम्ही दोघी मिळून पाहतो' एवढं म्हण. त्यातल्या दोघी-तिघी तुझ्या सपरीत येऊन बसल्या तर मला नवल वाटणार नाही, त्यांच्याही उशाखाली काहीतरी असेल. यंदा तुमच्या पंचक्रोशीत नाटक लागलं की सासूबाईंना घेऊन जा. घोंगडी ने, पहाटे फार थंडी पडते.

आणि आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर, कोठीमागचा चार्जर काढ. त्यांच्या खाटेजवळच्या बोर्डात होता तसा लाव आणि त्या जेवायला बसल्या असतील तेवढ्यात मोबाइल त्याला जोडून ठेव. त्यांनी वर पाहिलं तर सांग, 'आई, चार्जर मी ठेवला होता. माझं चुकलं.'